नैवेद्याचा तांदूळ आपल्याच बांधीतला
(मंडळाच्या वार्षिक सभेत वाचलेले भाषण)



मंडळाने आम्हां पाच-सहा घरांना सभेपुढे थोडे बोलण्यास सांगितले, त्याबद्दल आभार. विषय मोठा वाटेल, पण तो आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री आम्ही बायका सोळा भाज्या निवडत बसलो होतो. जवळ बसलेल्या एका लहान मुलीने विचारले, "आजी, या सगळ्या भाज्या कुठून येतात?" आम्ही मोजू लागलो. भोपळा, दोडका, कारले, भेंडी, चवळीच्या शेंगा आणि अळू वैनगंगेच्या काठच्या वाड्यांमधले निघाले. फ्लॉवर, सिमला मिरची, बटाटे ट्रकमधून आलेले. मग तिने तांदळाकडे बोट दाखवले. ती बाजारातून आणलेली पिशवी होती, आणि तो तांदूळ कोणत्या गावचा हे तिच्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. धानासाठी ओळखल्या जाणाऱ्या बालाघाटात राहून महालक्ष्म्यांपुढचा भात कोणाच्या शेतातला, हे आम्हाला सांगता आले नाही.

आपले पूर्वज इथे आले ते कोणी भोसल्यांच्या काळात, कोणी कोर्ट-कचेरीच्या नोकरीत, कोणी शाळा-रेल्वेच्या निमित्ताने. 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. पिढ्या गेल्या, इथली माती आपली झाली. पण ही माती कसणारा माणूस आपल्याला कितपत माहीत आहे?

आता चिन्नोरबद्दल. वारासिवनी-लालबर्रा भागातल्या या सुवासिक तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपण सर्वांनी पेढे वाटले. पण मानांकनाने नाव मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. चिन्नोर हा भारी धान. शेतात दीडशे दिवसांच्या आसपास उभा राहतो. उंच वाढतो, म्हणून वाऱ्या-पावसात लोळतो. उत्पन्न कमी. सरकारी खरेदीत धानाचे दोनच भाव असतात, साधारण आणि 'ए' ग्रेड. वासाचे वेगळे पैसे त्यात नाहीत. मग शेतकरी हलका, जाडा, भरपूर येणारा धान लावतो. त्यात त्याची चूक काय?

हिशेब मांडून पाहू. 2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाचा आधारभाव 2369 रुपये क्विंटल होता. पाण्याखालच्या एकरात जाडा धान 20 क्विंटल धरला तर 47,380 रुपये होतात. त्याच एकरात चिन्नोर आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांच्या अंदाजाने 8 क्विंटल. तेवढेच पैसे हाती यायचे तर चिन्नोरच्या धानाला क्विंटलमागे सुमारे 5900 रुपये मिळाले पाहिजेत. सरकारी भरडाईत 100 किलो धानाला 67 किलो तांदूळ धरतात. गावच्या लहान गिरणीवर आपण 60 धरू. म्हणजे भरडाई-वाहतूक सोडून तांदूळ किलोला सुमारे शंभर रुपये पडतो. यापेक्षा स्वस्त चिन्नोर कोणी देत असेल, तर एकतर तो चिन्नोर नाही, नाहीतर शेतकऱ्याने पदरमोड केली आहे.

हा प्रश्न नवा नाही. 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. गावचे धान गावात सडले तर काम गावात राहते, कोंडा गावच्या जनावरांना मिळतो आणि खाणाऱ्याला कस मिळतो, असा तो विचार. जपानात 1970 नंतरच्या दशकात शहरातल्या गृहिणी आणि शेतकरी यांनी मिळून 'तेइकेई' नावाची पद्धत रुजवली. शब्दाचा अर्थ हातमिळवणी. घरे आधीच सांगतात की आम्ही इतके घेऊ, शेतकरी त्यानुसार पेरतो, आणि बऱ्या-वाईट वर्षाचा भार दोघे वाटून घेतात.

हे वाचून आम्हालाही उत्साह आला आणि इथेच आमची चूक झाली. ती या सभेपुढे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिल्या वर्षी आम्ही पाच शेतकऱ्यांकडे जाऊन तोंडी सांगून आलो, "मंडळाची घरे बारा क्विंटल तांदूळ घेतील." त्यांनी विश्वासाने बांध्या राखल्या, पऱ्हे टाकले, रोवणी केली. मार्गशीर्षात चुरणी होऊन तांदूळ तयार झाला आणि आपल्या घरांतून निरोप येऊ लागले. कोणी म्हणाले भाव जास्त आहे, कोणी म्हणाले कणी फार आहे, कोणाच्या घरी आधीच पोते भरून होते. शेवटी सातच क्विंटल उचलले गेले. त्याचे पैसेसुद्धा आम्ही महिनाभर उशिरा दिले. उरलेला तांदूळ त्यांनी मिळेल त्या भावाला विकला.

आम्ही माफी मागायला गेलो. चहा झाला. कोणी रागावले नाही. एक म्हातारे गृहस्थ एवढेच म्हणाले, "भाऊ, पुढल्या वेळी आधी सांगत जा. आम्ही दुसरं लावलं असतं." त्या पाचांपैकी दोघांनी यंदा चिन्नोर लावलाच नाही. आपल्यासाठी हा पाच क्विंटल तांदळाचा प्रश्न होता. त्यांच्या घरी तो वर्षाच्या कमाईचा प्रश्न होता. आणि बी एकदा घरातून गेले की ते परत आणणे सोपे नसते.

म्हणून यंदा आमचा प्रस्ताव असा आहे.

एक, शब्द लेखी द्यायचा आणि अक्षयतृतीयेच्या आत द्यायचा. पऱ्हे टाकण्याआधी शेतकऱ्याला कळले पाहिजे. नोंदणीबरोबर एक तृतीयांश रक्कम आगाऊ द्यायची, उरलेली तांदूळ घरी येईल त्याच दिवशी.

दोन, भाव दोन्ही बाजूंनी एकत्र बसून, वर मांडला तसा हिशेब उघडा करून ठरवायचा. धान लोळला किंवा कीड पडली तर आगाऊ रक्कम परत मागायची नाही. पुढच्या हंगामात ती वळती करून घ्यायची.

तीन, कणीला नाव ठेवायचे नाही. गावच्या गिरणीत दाणा तुटतोच. कणीची पेज, घावन, इडली होते. कोंडा आणि तनस शेतकऱ्याच्या गोठ्यात राहील.

चार, वाड्यांमधल्या मरार भगिनींशी बोलून महालक्ष्म्यांच्या आणि महाप्रसादाच्या भाज्या दोन महिने आधी सांगायच्या. बैहरच्या पठारावर बैगा आणि गोंड कुटुंबे कोदो-कुटकी पिकवतात. आपल्या एकादशीच्या फराळात वरई असते, कुटकी तिच्याच जातीची. पुढच्या वर्षी त्यांच्या बचतगटांशीही बोलणी करू. सगळे एकदम हाती घ्यायचे नाही. एकदा हात पोळला आहे.

किती घरे लागतील? एका घराने वर्षाला 60 किलो घेतला तर रोजचा भात त्यात भागणार नाही, पण सणवार, पाहुणे आणि रविवार भागतील. चाळीस घरे म्हणजे 24 क्विंटल तांदूळ, म्हणजे 40 क्विंटल धान, म्हणजे पाच एकर. चाळीस घरांनी मनावर घेतले तर पाच एकर चिन्नोर उभा राहतो. घरटी खर्च महिन्याला पाचशे रुपये. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी 20 किलो लिहावे, पण लिहिले ते घ्यावे.

काही मंडळी विचारतात, हे मंडळाचे काम आहे का? गाणी, नाटके, अथर्वशीर्ष हे आपले काम आहेच. पण बाप्पापुढे आपण नैवेद्य ठेवतो तो अन्नाचा. मार्गशीर्षातला तांदूळ नीट ठेवला तर पुढच्या भाद्रपदापर्यंत जुना होतो आणि मोकळा शिजतो. येत्या उत्सवाच्या महाप्रसादाला त्या तीन शेतकरी कुटुंबांना आपण जेवायला बोलावले आहे. ती वाढायला उभी राहणार नाहीत, पहिल्या पंगतीला बसणार आहेत.

नोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. नाव, किलो आणि सही एवढेच लिहायचे आहे. आमची पाच-सहा नावे आधीच लिहिली आहेत. मागच्या वेळी कमी पडलेल्या पाच क्विंटलचा भार त्या नावांवर थोडा जास्त घेतला आहे.

त्या लहान मुलीने यंदा पुन्हा विचारले, तर गावाचे नाव सांगता यावे, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!