करंटचा पट्टा आणि वाळूची पुरचुंडी

गटाच्या बैठकीत हल्ली एक मागणी येते. "ताई, पोट आणि मांड्या कमी करणारा करंटचा पट्टा घ्यायचाय. गटातून कर्ज मिळेल का?" आम्ही बचत गटाच्या बाया. पैसे देण्याआधी त्या वस्तूचा उपयोग काय, हे विचारतो.

स्नायूवर चिकटपट्ट्या लावून हलका करंट सोडला, की स्नायू आपोआप आखडतो. इटलीच्या गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावर हे पाहिलं आणि १७९१ साली लिहून ठेवलं. म्हणजे यंत्र खोटं नाही, पण जाहिरात खोटी असू शकते. बसल्या जागी पोट सपाट होईल, असं सांगणाऱ्या पट्ट्यांवर अमेरिकेत २००२ साली सरकारी आयोगाने कारवाई केली होती. करंटने चरबी वितळत नाही.

मग खरा उपयोग कुठे? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. सूज आणि दुखण्यामुळे मेंदूचा हुकूम मांडीपर्यंत नीट पोचत नाही. करंट त्या स्नायूला जागं करतो. पण नुसतं पडून राहायचं नाही. करंट आला की आपणही जोर लावून गुडघा सरळ करायचा, थांबला की विसावा घ्यायचा. ताकद येईल तसं फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घोट्याला हलकं वजन बांधायचं.

ज्यांचा पाय स्वतःहून उचलतो, त्यांना बहुधा यंत्राची गरजच नाही. खुर्चीत बसा. घोट्याला अर्धा किलो वाळूची पुरचुंडी बांधा. गुडघा सरळ करा, पाच आकडे मोजा, पाय सावकाश खाली आणा. असं दहा वेळा. श्वास रोखू नका, दुखणं वाढलं तर थांबा. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

पेसमेकर बसवलेल्या, गरोदर, फिट येणाऱ्या किंवा पायात रक्ताची गुठळी असलेल्या बाईने स्वतःच्या मनाने करंट घेऊ नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर कातडी भाजली तरी कळत नाही. गळ्यावर आणि छातीवर पट्ट्या कधीच लावू नका.

म्हणून आम्ही गटात एक ठरवलंय. आधी घाटीत किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे पाय दाखवायचा. त्यांनी यंत्र लिहून दिलं, तर कर्जाचा अर्ज बैठकीत घेऊ. नाही दिलं, तर वाळूला व्याज लागत नाही.