ऋण आणि शब्द : राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट

(व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविषयी बोलावयाचे म्हटले की वॉशिंग्टन आणि लिंकन ही दोन नावे सहजच ओठांवर येतात. आज मी त्या दोघांना वंदन करून बाजूला ठेवणार आहे. मला बोलावयाचे आहे ते अठराव्या राष्ट्राध्यक्षांविषयी, युलिसिस ग्रँट यांच्याविषयी. अमेरिकेच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर ज्यांची छबी आहे, त्या गृहस्थांना उभ्या आयुष्यात पैशाचा व्यवहार कधी जमला नाही. सभागृहात पुष्कळजण पेढी आणि दुकान चालविणारे आहेत, म्हणूनच मुद्दाम हा विषय निवडला.

ग्रँट यांचा जन्म 27 एप्रिल 1822 रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या नदीकाठच्या खेड्यात झाला. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. मुलाला त्या धंद्याची मनस्वी शिसारी होती. रक्त पाहवत नसे. पुढे मोठेपणीही मांस करपेपर्यंत शिजविल्याशिवाय त्यांना खाता येत नसे आणि पक्ष्यांचे मांस तर ते ताटात घेतच नसत. 1862 साली शायलोच्या घनघोर लढाईनंतरच्या रात्री, जखमींवर शस्त्रक्रिया चाललेल्या झोपडीत त्यांना थांबवेना. बाहेर पाऊस कोसळत असताना ते झाडाखाली जाऊन बसले. ज्याच्या हुकमाने हजारो माणसे पडली, त्याच सेनापतीची ही हकिकत आहे. ही विसंगती मला उलगडलेली नाही, आणि ती उलगडल्याचा आवही मी आणत नाही.

लहानपणीची घोड्याच्या खरेदीची एक गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. शेजारच्या राल्स्टन नावाच्या शेतकऱ्याचे शिंगरू त्यांना हवे होते. वडिलांनी शिकविले की आधी वीस डॉलर सांग, नाही म्हटले तर साडेबावीस आणि तरीही ऐकले नाही तर पंचवीस. मुलाने जाऊन हा सारा पाठ शेतकऱ्याला जसाच्या तसा ऐकविला! शिंगरू कितीला मिळाले असेल, हे या सभेला सांगावयास नको. गावातील मुलांनी पुढे कित्येक दिवस त्यांची थट्टा केली.

वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि 1848 मध्ये ज्युलिया डेंट यांच्याशी विवाह झाला. वडील गुलामगिरीचे विरोधक, तर सासरे गुलाम बाळगणारे जमीनदार होते. त्यामुळे दोन्ही घरांत आयुष्यभर अढी राहिली. 1854 साली ग्रँट यांनी सैन्य सोडले आणि त्यानंतरची सात वर्षे अपयशाची गेली. सेंट लुईसजवळ त्यांनी शेती केली, स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधले, शहराच्या रस्त्यांवर सरपण विकले. 1857 च्या नाताळापूर्वी दोन दिवस आधी त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ बावीस डॉलरना गहाण टाकले.

या हलाखीतच 1859 साली घडलेली एक घटना मला सर्वांत मोलाची वाटते. सासऱ्यांकडून त्यांच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. त्याला विकले असते तर त्यांच्या दृष्टीने मोठी रक्कम हाती आली असती. ग्रँट यांनी न्यायालयात जाऊन त्याला विनामोबदला मुक्त केले. पुढच्याच वर्षी पोट भरण्यासाठी ते गॅलेना या गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, नोकरीला लागले. ज्या धंद्याचा तिटकारा, त्याच धंद्यात वयाच्या अडतिसाव्या वर्षी परतावे लागले!

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तीन वर्षांत हा दुकानातील माणूस संपूर्ण सैन्याचा सरसेनापती झाला. लढायांचा तपशील मी सोडून देतो. मात्र एक काळी बाजू झाकता येणार नाही. डिसेंबर 1862 मध्ये कापसाच्या चोरट्या व्यापारावर चिडून त्यांनी आपल्या अखत्यारीतील प्रदेशातून सर्व ज्यू लोकांना हुसकून लावण्याचा हुकूम काढला. काही व्यापाऱ्यांच्या दोषासाठी अख्खा समाज दोषी ठरविला गेला. लिंकन यांनी तो हुकूम काही दिवसांतच रद्द करविला. ग्रँट यांना त्याची लाज शेवटपर्यंत वाटत राहिली. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी अनेक ज्यू गृहस्थांना सरकारी पदे दिली आणि 1876 मध्ये वॉशिंग्टन येथील ज्यू प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला ते जातीने हजर राहिले.

1869 ते 1877 अशी आठ वर्षे ते अध्यक्ष होते. मुक्त झालेल्या गुलामांच्या मताधिकारासाठी आणि कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीविरुद्ध त्यांनी जे केले, ते त्या काळी फार थोड्यांनी केले असते. पण भोवतालच्या माणसांनी भ्रष्टाचार केला आणि ग्रँट त्यांच्यावर विश्वास टाकत राहिले. अध्यक्षपदानंतर त्यांनी जगप्रवास केला. फेब्रुवारी 1879 मध्ये ते मुंबईस उतरले आणि पुढे आग्रा, दिल्ली करीत कलकत्त्यास गेले.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन नव्हते आणि लष्करी हुद्दा तर त्यांनी अध्यक्ष होताना सोडलेला. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मुलाने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या एका तरुणाबरोबर पेढी काढली होती. तीत ग्रँट यांनी आपली एक लाख डॉलरची पुंजी घातली आणि भागीदार झाले. हिशेबाच्या वह्या कधी उघडून पाहिल्या नाहीत. वॉर्ड सरकारी कंत्राटांच्या खोट्या बाता मारी, तेच रोखे अनेक ठिकाणी तारण ठेवी आणि नव्या कर्जातून जुन्यांना नफा वाटी.

4 मे 1884, रविवार. वॉर्ड धावत आला. एका बँकेवर गंडांतर आले आहे, एका दिवसापुरते दीड लाख डॉलर हवेत, म्हणाला. ग्रँट त्याच दिवशी विल्यम व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाच्या घरी गेले. व्हँडरबिल्ट यांनी स्पष्ट सांगितले की बँकेशी वा पेढीशी आपल्याला कर्तव्य नाही, ही रक्कम आपण केवळ जनरल ग्रँट यांना व्यक्तिशः देत आहोत. धनादेश वॉर्डच्या हाती पडला. मंगळवारी, 6 मे रोजी पेढी बुडाली. देणी दीड कोटी डॉलरहून अधिक होती आणि हाती आलेली मालमत्ता एक लाखाचीही नव्हती. ग्रँट यांच्या नावावर विसंबून ठेवी ठेवणाऱ्या जुन्या सैनिकांचेही पैसे गेले. घरात नवरा-बायकोचे मिळून दोनशेच्या आसपास डॉलर उरले.

पेढीची सर्व देणी फेडणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. पण ते दीड लाख त्यांच्या शब्दावर आलेले होते. त्यांनी घरे, युद्धातील तलवारी, पदके, देशोदेशीच्या राजांनी दिलेल्या भेटी, सारे व्हँडरबिल्ट यांच्या नावे करून दिले. व्हँडरबिल्ट कर्ज माफ करावयास तयार होते. पतिपत्नींनी ते नाकारले. लॅन्सिंगबर्गच्या चार्ल्स वुड नावाच्या एका अपरिचित ब्रश-उत्पादकाने मात्र त्यांना धनादेश पाठविला आणि 1865 पर्यंतच्या सेवेचे देशाकडून राहिलेले देणे म्हणून तो स्वीकारण्याची विनंती केली. तो त्यांनी घेतला.

त्याच उन्हाळ्यात पीच खाताना घशात असह्य कळ आली. शरद ऋतूत निदान झाले, कर्करोग. 1862 च्या एका विजयानंतर लोकांनी प्रेमाने हजारो सिगार भेट पाठविले होते. व्यसन तेव्हापासून वाढलेले. आपल्या पश्चात पत्नीला काय उरेल, या एकाच चिंतेने त्यांनी लेखणी धरली. मार्क ट्वेन यांनी निव्वळ नफ्याच्या सत्तर टक्के देऊ केले, तेव्हाही आधी विचारणा दुसऱ्या प्रकाशकाची आली होती, म्हणून ग्रँट अडून बसले! महत्प्रयासाने त्यांना राजी करावे लागले.

आवाज गेला, तेव्हा ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलू लागले. जून 1885 मध्ये त्यांना माउंट मॅकग्रेगर येथील थंड हवेच्या घरी नेले. शाल पांघरून, ओसरीवर खुर्चीत बसून ते मजकूर तपाशीत. जुलैच्या मध्यानंतर काम संपले आणि 23 जुलै रोजी सकाळी त्यांचे देहावसान झाले.

बाराशेहून अधिक पृष्ठांचे ते दोन खंड जुन्या सैनिकांनी घरोघरी फिरून विकले. तीन लाखांहून अधिक संच गेले. फेब्रुवारी 1886 मध्ये ज्युलिया ग्रँट यांच्या हाती दोन लाख डॉलरचा पहिला धनादेश पडला. पुढे एकूण रक्कम चार लाखांच्या वर गेली. तलवारी आणि पदके व्हँडरबिल्ट यांनी स्वतःजवळ ठेवली नाहीत. ती राष्ट्राच्या स्वाधीन झाली आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेली. वॉर्डला दहा वर्षांची शिक्षा झाली.