ऑपरेशन पोटाचं, दुखणं खांद्याचं



आज आम्ही खांदेदुखीबद्दल बोलणार आहोत. खांदेदुखी म्हटलं की तुम्हाला पाण्याचे हंडे, कापसाची वेचणी, उसाच्या मोळ्या आठवतील. त्या दुखण्यावर बोलायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. आजचं दुखणं वेगळं आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं पोटाचं, आणि दोन दिवसांनी ठणकायला लागतो खांदा. घरातले घाबरतात आणि घाबरून नको ते करून बसतात. आम्हीही तसंच करणार होतो.

आमच्या गटातल्या एका ताईची ही गोष्ट. नाव सांगत नाही. पण सांगायला परवानगी तिनेच दिली आहे. "मला जे आधी कुणी सांगितलं नाही, ते तुम्ही रेडिओवर सांगा," असं म्हणाली.

ताईचं वजन ११४ किलो होतं. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरत होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. दोन वर्षं तिने भाकरी मोजून खाल्ली, पहाटे उठून चालली, काढे घेतले. सात-आठ किलो उतरायचे आणि पुन्हा चढायचे. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा बराचसा, साधारण पाऊण भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. मग थोडक्यात पोट भरतं.

इथे आम्हाला आमची चूक सांगायला हवी. ताईने गटाकडे कर्ज मागितलं ते हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगून. रजिस्टरात तसंच लिहिलं गेलं. खोटं का बोलली? कारण बैठकीत तिच्या वजनावर हसणारी तोंडं आमचीच होती. "तोंडावर ताबा ठेव म्हणजे झालं," हे आमच्यातल्याच एकीने तिला ऐकवलं होतं, आणि बाकीच्या गालात हसल्या होत्या. मग ती खरं कशाला सांगेल?

ऑपरेशन सोमवारी झालं. बुधवारी संध्याकाळी ताई घरी आली. दवाखान्यात सलाईनमधून दुखणं कमी करणारं औषध चालू होतं, तोवर विशेष जाणवलं नाही. घरी त्या रात्री उजवा खांदा ठणकायला लागला. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत कळ. उठून बसलं की वाढायची, आडवं पडलं की जरा उतरायची, खोल श्वास घेतला की सुई टोचल्यासारखं व्हायचं. गंमत म्हणजे पोटावरच्या टाक्यांचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, वारं शिरलंय, तेल गरम करा आणि चोळा. नवरा म्हणाला, हार्ट अटॅक तर नव्हे? मुलगा मेडिकलवरून अंगदुखीच्या गोळ्या घेऊन आला. शेजारणीने सोड्याची बाटली पाठवली, ढेकर आली की मोकळं वाटेल म्हणून. शेजारणीला बिचारीला माहीतच नव्हतं की ऑपरेशन जठराचं झालंय. ताई सगळ्यांच्या मध्ये गप्प बसून होती. खरं सांगावं तर लपवलेलं उघडं पडणार.

रात्री अकराला तिने आम्हाला फोन केला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं.

आम्हाला तरी काय कळत होतं? आम्ही आशाताईंना उठवलं. त्यांनी उपकेंद्राच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी खांद्याबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं: ताप आहे का? दम लागतोय का? छातीत दाब किंवा कळ आहे का? उलट्या होतायत का? पोट फुगून कडक झालंय का? लघवी होते का? एखाद्या पायाची पोटरी सुजून दुखतेय का? आणि मिनिटभर घड्याळ धरून नाडी मोजायला लावली. ८८ आली. बाकी सगळ्याचं उत्तर नाही असंच होतं. मग म्हणाल्या, डिस्चार्ज कार्डावर दवाखान्याचा नंबर असेल, त्यावर आत्ताच बोला. फोनवर ड्युटीच्या डॉक्टरांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मग सांगितलं, हा गॅसचा त्रास आहे, घाबरू नका.

गॅस म्हटल्यावर आम्हाला वाटलं, पोटातला गॅस, वांग्या-हरभऱ्याने होतो तो. तसं नाही.

दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू भरतात. सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू. तो भरला की पोट फुगतं, आतले अवयव एकमेकांपासून सुटे होतात आणि दुर्बिणीला दिसायला जागा मिळते. काम झालं की छिद्रांवाटे बहुतेक वायू सोडून देतात. थोडा मागे राहतो. छातीच्या आणि पोटाच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, श्वासपटल म्हणतात त्याला. आपण उठून बसलो की उरलेला वायू वर सरकतो आणि त्या पडद्याखाली साठतो. वायू भरताना ताणलेला पडदा त्याने आणखी चुरचुरतो.

मग खांदा का दुखतो? हे मॅडमनी दुसऱ्या दिवशी छान समजावलं. आपल्याकडे एकाच डीपीवरून दोन वस्त्यांना लाईट जाते ना? श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि खांद्याची जाणीवही मानेतल्या त्याच जागी पोचते. बिघाड एका वस्तीत असतो, तक्रार दुसरीच्या नावावर नोंदली जाते. मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. खांद्याला खरं तर काहीच झालेलं नसतं. म्हणून कितीही तेल जिरवलं तरी मूळ जागेला ते पोचत नाही. जोरात चोळून, पिळून तर काहीच मिळत नाही.

ओवा, हिंग, चूर्ण यांचाही उपयोग नाही. कारण हा वायू आतड्यात नसतो, आतड्याच्या बाहेर पोकळीत असतो. त्याला ढेकर देऊन किंवा खालून बाहेर पडायची वाटच नाही. तो हळूहळू रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर जातो. बहुतेकींचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं, काहींना आठवडाभर पुरतं.

ताईने काय केलं ते सांगतो. दर तास-दीड तासाने उठून ओसरीवर पाच-सात मिनिटं चालायची, हळूहळू, सुनेचा हात धरून. चालण्याने अंग मोकळं होतं, आतडी कामाला लागतात, आणि ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो. म्हणून खांदा दुखतो म्हणून पडून राहिली असती तर उलटंच झालं असतं. दुखणं फार वाढलं की दिवसा जागेपणी थोडा वेळ आडवी व्हायची. रात्री मात्र डोक्याखाली उंच उशी, कारण झोपेत श्वास अडकायचा त्रास तिला होताच. पोटाशी उशी धरून सावकाश दहा खोल श्वास घ्यायची. खोकला आला तरी उशी पोटाशी दाबून धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही.

खांद्यावर गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. पिशवी पोटाच्या टाक्यांवर ठेवायची नाही. आणि साखरेची पेशंट असेल तर पिशवी किती गरम आहे ते दुसऱ्याने आपल्या हाताने बघावं. साखरेने चामडीची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही. हात गळ्यात बांधून ठेवायची गरज नाही, हलका हलवत राहावा. हंडा, पोतं, नातवंड मात्र डॉक्टर सांगतील तोपर्यंत उचलायचं नाही.

आता त्या गोळ्या आणि तो सोडा. मुलाने आणलेल्या गोळ्या डायक्लोफेनॅकच्या होत्या. आपण त्या शेंगदाण्यासारख्या खातो. पण जठराचं ऑपरेशन झालेल्या बाईला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी आत जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली गोळीच घ्यायची, ती लिहिली तितकीच. ताईला पॅरासिटामॉल लिहिली होती, तिने भागलं. आणि सोडा म्हणजे तोच वायू नव्याने त्या केळ्याएवढ्या नळीत भरायचा. वजनाच्या ऑपरेशननंतर सोडा, कोल्ड्रिंक चालत नाही. पहिले काही दिवस नुसतं पातळ, एकेक घोट: साधं पाणी, वरणाची निवळ, पातळ ताक, जसं कागदावर असेल तसं. सासूबाईंनी मायेने शिरा केला होता. तो सुनेने खाल्ला, बरं झालं.

आता जे सांगतो ते कामं थांबवून ऐका. प्रत्येक खांदेदुखी गॅसचीच असते असं नाही. खांदेदुखीबरोबर दम लागला, छातीत कळ आली, ताप चढला, शांत पडून असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर गेली, पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, चक्कर आली किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर ते गॅसचं दुखणं समजून घरी बसू नका. जठराच्या शिवणीतून गळती असू शकते, फुफ्फुसात गुठळी असू शकते, हृदयाचाही त्रास असू शकतो. खांदा डावा असेल आणि सोबत ताप, धडधड असेल तर अजिबात थांबू नका. दुखणं रोज कमी होण्याऐवजी रोज वाढत असेल, किंवा चार दिवस बरं वाटून पुन्हा उसळलं असेल, तरीही तेच. दवाखान्याला फोन करा, १०८ ला गाडी बोलवा, आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य सांगा की हिचं अमुक ऑपरेशन अमुक दिवशी झालंय. हर्निया सांगू नका. ताईच्या त्या रात्री खरंच गळती असती आणि आम्ही डॉक्टरांना हर्निया सांगितलं असतं, तर? तो विचार आजही आम्हाला झोपू देत नाही.

चौथ्या दिवशी ताईचा खांदा निम्म्याने उतरला. सातव्या दिवशी ती म्हणाली, कुठला खांदा दुखत होता तेही विसरले.

पुढच्या बैठकीत ताईने स्वतःच सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. जिने तोंडावर ताबा ठेव म्हटलं होतं, ती खाली बघत सतरंजीचा धागा ओढत होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे माझं तेच होतं की!"

काकूंचं टाक्याचं ऑपरेशन झालं होतं शिबिरात, दुर्बिणीचं, तीसेक वर्षांपूर्वी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन असो, पित्ताशयाचं असो की गर्भाशयाचं, दुर्बिणीतून केलं की पोटात वायू भरावाच लागतो. काकूंचा खांदा तेव्हा तीन दिवस ठणकत होता. सासू म्हणाली, टाके पोटाला आणि दुखतो खांदा, कामाची टाळाटाळ नुसती. चौथ्या दिवशी काकू नदीवर धुणं घेऊन गेल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की टेबलावर झोपवताना कुणीतरी हात पिरगाळला असेल. "सासू असती तर तिला आत्ता ऐकवलं असतं रेडिओवर," असं म्हणून हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसले.

त्या दिवशी ताईने रजिस्टर मागून घेतलं आणि हर्निया हा शब्द खोडून खरं ऑपरेशन लिहिलं. कर्जाचे हप्ते चालू आहेत, अजून एकही चुकलेला नाही. आमच्यातल्या एकीचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन येत्या महिन्यात आहे. तिने विचारलं, "कोणता खांदा दुखेल गं?" आम्ही सांगितलं, बहुतेक उजवा, पण डावाही दुखू शकतो, आणि काहींना कुठलाच दुखत नाही. आशाताईंचा आणि दवाखान्याचा नंबर तिने आत्ताच कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.