छपराखालील डोंगर

सायकल म्हटली कीं डोळ्यांपुढें डांबरी रस्ता उभा राहतो. परंतु गेल्या कांहीं दशकांत सायकलीचा एक निराळाच खेळ जगभर रूढ झाला आहे. त्यांत रस्ता नसतो; असते ती पाऊलवाट, खडक, झाडांचीं मुळें, उभी चढण आणि तितकीच उभी उतरण. 'क्रॉस-कंट्री' या नांवानें हा प्रकार १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत प्रथम समाविष्ट झाला. या खेळाचें मैदान म्हणजे प्रत्यक्ष डोंगर, आणि डोंगराला ऋतु असतात. ज्या ऋतूंत डोंगर बंद, त्या ऋतूंत खेळाडूनें काय करावें?

अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरानें याचें एक उत्तर शोधलें. तेथें हिंवाळ्यांत वाटा बर्फाखालीं जातात. रे पेट्रो नांवाच्या सायकलस्वारानें २००४ सालीं तेथील एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत लांकडी उतरणी, उंचवटे, अरुंद फळ्यांचे पूल आणि कलतीं वळणें उभारून सायकलींचें उद्यान सुरू केलें.

रानावनांतून तीस-चाळीस किलोमीटर दौड करणारा स्वार अशा उद्यानांत प्रथमच येतो, तेव्हां तो बिचकतो. त्याचें सामर्थ्य छातींत आणि मांड्यांत. येथें तर लांब चढणही नाहीं आणि समोरचा वाराही नाहीं. पण तासाभरांतच त्याला आपलें उणें कळून येतें. डोंगरांत अवघड वळण एकदांच येतें. पडत-सावरत तें ओलांडलें कीं मागें राहतें. छपराखालीं तेंच वळण पन्नास वेळां घेतां येतें. अंगाचा भार कोठें ठेवावा, ब्रेक केव्हां सोडावा, नजर चाकापुढें न खिळवितां दूर कशी टाकावी, हें त्या आवृत्तींतून अंगवळणीं पडतें. उंचवट्यांच्या रांगेवर तर पायंडल न मारतांही वेग राखतां येतो: माथ्यावर अंग हलकें करावयाचें आणि उतरतांना हातापायांनीं सायकल खालीं दाबावयाची. दमाची विद्या डोंगर शिकवितो. तोलाची विद्या येथें शिकावयास मिळते.

सातारा-सांगलीच्या रहिवाशाला हें नवें वाटूं नये. हीच आपली तालीम! कुस्ती रंगते ती कुंडलसारख्या उघड्या मैदानावर, हजारों प्रेक्षकांसमोर. परंतु डाव बसतो तो पहाटे, छपराखालच्या तांबड्या मातींत, तीच पकड शंभरदां करून. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, ते याच तालमींच्या मुलखांतून जाऊन.

आपल्याकडे ऋतूंचा क्रम मात्र उलटा आहे. हिंवाळा हाच येथें सायकलस्वाराचा सुगीचा काळ. यवतेश्वरचा घाट, अजिंक्यताऱ्याची चढण, मिरजेकडील दंडोबाचा डोंगर, सर्वत्र वाटा कोरड्या आणि हवा प्रसन्न. बंदी पडते ती आषाढ-श्रावणांत. पश्चिमेकडील जांभ्यावर शेवाळ धरतें. कृष्णाकांठची काळी माती चाकाला अशी चिकटते कीं तें फिरेनासें होतें. पण सह्याद्रीनें येथेंही एक सोय ठेवली आहे. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील माण आणि जत या तालुक्यांत त्याचा सुमारें दहावा हिस्साच. ढग माथ्यावर रिते होतात आणि पलीकडचीं माळरानें बहुधा कोरडीं राहतात. क्लीव्हलंडला छप्पर बांधावें लागलें. येथें पूर्वेची वाट धरली कीं पुष्कळसें भागतें.

तरीही उणीव राहतेच, आणि ती छपराची नसून तालमीची आहे. शिकावयास जागा नसली म्हणजे मुलें मिळेल तेथें शिकतात. कोणी मोटारींच्या गर्दींत घाटाची उतरण शिकतो. त्या शिक्षणाची किंमत कधीं जीवानें द्यावी लागते. कोणाला कासचें पठार मोकळें दिसतें. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलेलें हें पठार म्हणजे खडकावरील मातीचा पातळ थर आहे; त्या थराच्या आधारानेंच तेथील फुलें जगतात. ओल्या दिवसांत त्यावरून गेलेलें चाक झाडें तुडवितें आणि माती उकरून टाकतें. ती माती पुन्हां धरावयास फार काळ लागतो.

यावरचा उपाय खर्चिक नाहीं. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा अथवा गांवाबाहेरची पडीक जागा, कांहीं गाड्या मुरूम, चार फावडीं आणि एखादा जाणता मार्गदर्शक, एवढ्यावर उंचवट्यांचें आणि वळणांचें लहानसें रिंगण उभें राहूं शकतें. पश्चिमेकडील गांवीं त्यावर पत्रे घालावे लागतील, पूर्वेस तेंही नको. पडलें तरी मुलगा मातींत पडेल, मोटारीखालीं नव्हे. ज्या गांवांनीं वर्गणी काढून तालमी बांधल्या, त्यांना हें काम अवघड जाण्याचें कारण नाहीं. मैदान सह्याद्रीनें दिलें आहे. तालीम माणसांनींच बांधावयाची असते.