म्हातारपण, पेज आणि बांगडा

आईच्या पायांना सूज आहे, नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि लवकर भरत नाही. रक्त तपासलं, तर अल्ब्युमिन 2.7. डेसिलिटरला साधारण 3.5 ते 5 ग्रॅम हवं. मुंबईतल्या मुलाला कळलं, की पुढच्याच गाडीने वेंगुर्ल्याला प्रोटीन पावडरीचा डबा येतो.

तो डबा इतक्यात उघडू नका. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. रक्तातलं पाणी ते रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. यकृत बिघडलं, लघवीवाटे प्रथिनं जाऊ लागली किंवा अंगात जुनाट दाह असला, तरी ते घटतं. नुसत्या कमी खाण्यावर खापर फोडून चालत नाही. सूज हृदयाचीही असू शकते. म्हणून आधी लघवीची साधी तपासणी, यकृताच्या तपासण्या आणि क्रिएटिनिन. मूत्रपिंड अधू असेल, तर पावडर अपायच करायची.

आता खाण्याकडे येऊ. "मी दोन वेळ पेज जेवतंय, माका आणि काय होया?" हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. मूठभर तांदळाच्या पेजेत प्रथिनं जेमतेम 4 ग्रॅम! म्हातारपणी मूत्रपिंड ठीक असेल, तर वजनाच्या किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम लागतात; म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 60. पण कवळी सैल, काट्याची धास्ती, आणि एकट्या जिवासाठी कालवण कोण करणार? मग पेज आणि लोणचं.

बांगडा उकडून, काटे काढून, मऊ भातात कुस्करून द्या. 100 ग्रॅम मासळीत सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं मिळतात. मोरीला तर बारीक काटेच नाहीत. कुळथाची पिठी पातळ न करता जरा दाट ठेवा, सोबत एक अंडं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खारवलेल्या बांगड्यावर मात्र भिस्त नको; त्या मिठाने सूज वाढते. त्यापेक्षा चवळी किंवा काळ्या वाटाण्याचं सांबारं, वाटाणे अगदी मऊ शिजवून. श्रावणात उपास असेल, तर दूध-दही तरी पोटात जाऊ द्या.

आठवड्याने पुन्हा रक्त तपासून हिरमुसू नका. रक्तातलं निम्मं अल्ब्युमिन बदलायलाच सुमारे 20 दिवस लागतात. महिना-दीड महिन्याने तपासा. मधल्या काळात दम लागला, सूज पोटापर्यंत चढली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.