फोनला दाद न देणारा मोबाईल स्टार्टर : तपासणी आणि काळजी

(वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



माझा विषय कृषिविद्या, म्हणजे पीक, पाणी आणि मशागत. परंतु रब्बीचा हंगाम सुरू झाला, की सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाटकडील शेतकरी घाटेअळीच्या बरोबरीने एक वेगळाच प्रश्न विचारतात. "सर, फोन लावतो, पण वावरातली मोटारच सुरू होत नाही. काय करावे?" आज याच प्रश्नावर बोलावयाचे ठरविले आहे.

मोबाईल स्टार्टर आपल्याकडे का आला, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळत आली. २०१७ साली जाहीर झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही वाहिन्यांवर दिवसा वीज मिळू लागली, तरी अनेकांना थंडीत, अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जावेच लागते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी हाच त्रास ओळखून फोनवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केले व २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशी अनेक यंत्रे बाजारात आली. युरोपात १९९५ पासून हिरवळीचे गवत आपोआप कापणारी यंत्रे विकली जातात आणि आता तीही फोनवर चालतात. तेथेही यंत्र फोनशी जुळत नाही म्हणून लोक हैराण होतातच. फरक इतकाच, की तेथे गवत थोडे वाढते. आपल्याकडे गव्हाचे पाणी चुकते.

यंत्र काम कसे करते?

डब्यात एक छोटा फोनच असतो, असे समजा. त्याला सिमकार्ड, अँटेना आणि बहुधा लहान बॅटरी असते. आपण फोन केला, की तो आपला नंबर ओळखतो. नंबर नोंदलेला असेल तरच हुकूम घेतो आणि स्टार्टरचे हिरवे बटन दाबल्यासारखे काम करतो. तत्पूर्वी तीन फेज आहेत का, व्होल्टेज पुरेसे आहे का, हे तो पाहतो. म्हणजे साखळीत पाच कड्या आहेत : आपला फोन, नेटवर्क, सिमकार्ड, यंत्र आणि स्टार्टर. कोणती कडी तुटली हे शोधल्याशिवाय डबा बदलू नये.

सर्वप्रथम हे करा

स्टार्टरचे हिरवे बटन हाताने दाबून पाहा. हाताने मोटार सुरू होत नसेल तर दोष फोनचा नाही. एखादा फेज गेला असेल, फ्यूज उडाला असेल किंवा ओव्हरलोड रिले पडला असेल. तेथे वायरमनला बोलवावे. हाताने सुरू होते आणि फोनवर होत नाही, असे असेल तरच पुढे जावे.

आता यंत्राच्या नंबरावर फोन लावून कानाने नीट ऐका. चार प्रकारची उत्तरे मिळतात आणि प्रत्येकाचा रोग वेगळा आहे.

१) "फोन बंद आहे किंवा क्षेत्राबाहेर आहे." लाईन गेली असेल व बॅटरी संपली असेल तर असेच ऐकू येणार. म्हणून आधी आपल्या वाहिनीचे वेळापत्रक पाहावे. लाईन असूनही हेच ऐकू येत असेल तर सिम जागेवर नीट बसले आहे काय, अँटेनाचे टोक सैल आहे काय, ते पाहावे. लोखंडी पेटी नेटवर्क अडवते. अँटेना पेटीबाहेर, उंच आणि मोटारीच्या केबलपासून दूर लावावी. जुनी बॅटरी हाही नेहमीचा दोष आहे. नेटवर्क धरताना यंत्राला क्षणभर जास्त प्रवाह लागतो. दुबळी बॅटरी तो देऊ शकत नाही व यंत्र पुन्हा पुन्हा बंद पडते.

२) "या नंबरावरील सेवा बंद आहे." रिचार्जची मुदत संपली आहे. हे सिम डब्यात असते, त्यावर आलेली सूचना कोणी वाचत नाही. खरिपात पाऊस चांगला झाला, की चार महिने यंत्राची आठवण होत नाही आणि सिम मरते. घरातील फोनचा रिचार्ज कराल त्याच दिवशी यंत्राचाही करावा. फार दिवस बंद राहिलेला नंबर कायमचा जातो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो.

३) घंटी वाजते, पण यंत्र उचलत नाही. बहुधा आपला नंबर त्याला ओळखू येत नाही. आपण नंबर बदलला असेल किंवा फोनमध्ये दोन सिम असतील व कॉल दुसऱ्याच सिमवरून जात असेल. ही साधी चूक फार आढळते. संदेशावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत आणखी एक अडचण येते. कंपन्यांच्या जाहिरातींच्या संदेशांनी सिम भरून जाते आणि आपला संदेश घेण्यास जागा उरत नाही. सिम काढून साध्या फोनमध्ये घालावे, सर्व संदेश पुसावेत आणि १९०९ या नंबरावर जाहिराती बंद करण्याची नोंदणी त्याच सिमवरून करावी.

४) यंत्र फोन उचलते, पण मोटार सुरू करीत नाही. येथे यंत्र बिघडलेले नसून बहुधा आपली मोटार वाचवीत असते. एक फेज कमी असेल, व्होल्टेज कमी असेल किंवा मागच्या वेळी विहिरीचे पाणी तुटून मोटार कोरडी चालली असेल, तर ते स्वतःला अडवून धरते. विहिरीवर जाऊन पाण्याची पातळी पाहावी व मगच माहितीपत्रकाप्रमाणे अडवणूक काढावी. काहीजण वैतागून ही संरक्षणाची तारच काढून टाकतात. तसे केल्यास पुढचा खर्च मोटारीच्या वाइंडिंगचा असतो.

सिम कोणते घालावे?

जुनी बहुतेक यंत्रे २जी पद्धतीची आहेत. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली ती ४जीवरच; तिला २जी नाही. म्हणून ते सिम अशा यंत्रात चालत नाही. त्यात सिमचा किंवा यंत्राचा दोष नाही. यंत्र घेताना ते २जी आहे की ४जी, हे पावतीवर लिहून घ्यावे आणि आपल्या विहिरीजवळ कोणत्या कंपनीचे नेटवर्क धरते ते साध्या फोनने आधी तपासावे. गावातील चौकात नेटवर्क आहे म्हणजे धाम नदीकाठच्या वावरातही ते असेलच, असे नाही. सिमला पिनचे कुलूप असेल तर ते फोनमध्ये घालून आधी काढावे. ॲपवर चालणाऱ्या यंत्राच्या सिममध्ये इंटरनेटचा पॅक लागतो. नवा फोन घेतल्यावर ॲपमध्ये जुन्याच नोंदणीने प्रवेश करावा, नवीन नोंदणी करू नये.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

आमच्याही शेतात असे यंत्र आहे. एका रब्बीत ते चार दिवस दाद देत नव्हते. गहू एकवीस दिवसांचा झालेला. मुकुटमुळे फुटण्याच्या या अवस्थेत पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, हे मीच सर्वांना सांगत फिरतो. त्यामुळे जीव कासावीस झाला होता. सकाळी वर्ध्याहून मी यंत्राला मोटार सुरू करण्याचा संदेश तीन वेळा पाठविला. काहीच झाले नाही. मग बाबांना फोन करून म्हटले, "तुम्ही जरा सिम काढून परत बसवून पाहा."

बाबांनी दुपारी सिम पुसून बसविले. बॅटरी दुबळी असल्याने मेन स्विच चालूच ठेवला होता. यंत्र लगेच बोलेना, म्हणून ते तेवढ्या वेळात मोटार आणि पंप यांच्यामधील कपलिंगचा सैल बोल्ट कसावयास बसले. मिनिटभरात यंत्राने नेटवर्क धरले आणि माझा सकाळचा संदेश त्याला पोचला. मोटार सुरू झाली. पाना हातातून उडून विहिरीत पडला. हात वाचला, हे आमचे नशीब.

संध्याकाळी बाबा एवढेच म्हणाले, "बाबू, मी विहिरीवर असीन तवा तू फोनले हात लावू नको."

पाठविलेला संदेश पोचला नाही तर तो नाहीसा होत नाही. कंपनीकडे थांबून राहतो आणि यंत्र नेटवर्कवर येताच, काही तासांनीसुद्धा, त्याला मिळतो. हे मला ठाऊक असावयास हवे होते. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या घाईचा होता. तेव्हापासून आमच्या घरी पुढील नियम आहेत. आपणही ते पाळावेत ही विनंती.

• पंप, कपलिंग किंवा पेटीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. बॅटरी चांगली असेल तर सिम व नेटवर्कची तपासणी मेन बंद ठेवूनही होते.
• बॅटरी संपली असेल तर वायरमनकडून मोटारीच्या तारा सोडवून घ्याव्यात, मगच यंत्राला वीज द्यावी.
• दुरुस्तीपूर्वी घरातील ज्यांचे नंबर नोंदलेले आहेत त्या सर्वांना कळवावे. आधी पाठविलेले संदेश येऊन जाईपर्यंत पंपाजवळ जाऊ नये.
• पेटीवर ठळक अक्षरांत लिहावे : "ही मोटार फोनवरून केव्हाही सुरू होते."
• अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यावे. पेटीची भोके बुजवावीत; मुंग्या व पाली संपर्क बिघडवितात.

फोन जमिनीत डोकावत नाही

शेवटी माझ्या विषयाचे थोडे. यंत्र 'ऑटो'वर ठेवले, की लाईन येताच मोटार सुरू होते. हे सोयीचे वाटते, परंतु आपल्या भारी काळ्या जमिनीत हरभऱ्याला असे पाणी बसले तर झाड नुसते वाढते, घाटे कमी लागतात आणि मर वाढते. हरभऱ्याला फांद्या फुटताना, साधारण ३० ते ३५ दिवसांनी, आणि घाटे भरताना, ६० ते ६५ दिवसांनी, असे बेताचे ओलीत पुरते. म्हणून पाणी देण्याआधी खुरप्याने वीतभर माती उकरून, तिचा मुठीत गोळा होतो का, ते पाहावे. सोय फोनने करावी, निर्णय मात्र वावरात उभे राहून घ्यावा.

आणि यंत्राने दाद दिली नाही तर घाबरू नका, लगेच नवे घेऊ नका. आधी हिरवे बटन दाबून पाहा, मग फोन लावून ऐका. निम्म्या तक्रारी घरीच मिटतील. तरीही अडले तर मेन बंद करून जाणकार वायरमनला बोलवा. एक रात्र पाण्यावाचून गेली तर गहू सांभाळून घेतो.