छावणीतील पत्र



बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र असल्यामुळे शिपाई आपल्याला परका नाही. त्याच्या पराक्रमाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज मला बोलायचे आहे ते दोन लढायांमधल्या त्याच्या दिवसांविषयी. ते छावणीत, टपालाची वाट पाहण्यात सरत.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेल्स बंदरात उतरली. चिखल, गोठवणारी थंडी आणि परकी भाषा यांत घराशी जोडणारा धागा एकच, तो पत्राचा. पण बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. मजकूर साक्षर सोबत्याला सांगावा लागे. गावी तो दुसऱ्याच कोणाकडून वाचून घ्यावा लागे. मध्ये सरकारी तपासनीस बसलेला. पत्नीला लिहिलेला शब्द असा चारचौघांतून तिच्यापर्यंत पोहोचे. मग जिव्हाळा आडवाटेने व्यक्त होई. बैल कसे आहेत, पीक कसे आले, कर्ज किती फिटले, अशा चौकशीत घराची सारी ओढ साठलेली असे. जखम भरली की घरी जायला मिळेल ही आशाही अनेकांची फोल ठरली. बरे झालेल्यांना पुन्हा आघाडीवर धाडले जाई. तपासनिसाला चकवण्यासाठी कोणी हिंदी शिपायांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'तांबडी मिरची' म्हणे.

या पत्रांत एक गोष्ट मला विशेष वाटते. फ्रान्समधील शिकलेल्या, कामकाज सांभाळणाऱ्या स्त्रिया पाहून काही शिपायांनी घरी कळवले, आपल्या मुलींनाही शाळेत घाला. ज्याला स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या हाताने लिहावे लागले, त्याला अक्षराची किंमत कोणी समजावून सांगायला नको होती.

मूळ पत्रे बहुतेक काळाच्या ओघात गेली. तपासनिसांनी इंग्रजीत उतरवलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्यांच्यापासून मन लपवायचे, त्यांच्याच दप्तरात ते जपले गेले, हा इतिहासाचा विलक्षण न्याय होय.

आपल्या मराठा शिपायांची वाट मेसोपोटेमियाकडे गेली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळजण परतले नाहीत. त्यांच्या घरी पदके आली असतील, नसतील. एखादे पत्र मात्र आले असेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या घरच्या जुन्या पेटीत असे पत्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. घरातील वडीलधाऱ्यांसमवेत ते वाचा आणि त्याची एक प्रत या शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. शंभर वर्षांपूर्वी जे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, ते त्या घरातील मुलीने आज स्वतः वाचावे. शाळेच्या कार्याचे याहून मोठे सार्थक मला दिसत नाही.